बाळाला पीकेयू निघालाय? कोकणातल्या घरानं कुठून सुरुवात करायची

माझी दोन मुलं. आजार एकच, घर तेच, आईबाप तेच. थोरला तीन वर्षांचा होईपर्यंत आम्हाला त्या आजाराचं नावही ठाऊक नव्हतं. धाकटीच्या टाचेतून तिसऱ्या दिवशी रक्त काढलं आणि नवव्या दिवशी तिचं खास दूध सुरू झालं. आज धाकटी चौथीत आहे, पाढे म्हणते, उलट उत्तरं देते. थोरला चौदा वर्षांचा आहे आणि शर्टाची बटणं मी लावते.

थोरला जन्मला तेव्हा आमच्या सावळ्या घरात एवढं गोरंपान, पिंगट केसांचं पोर आलं म्हणून सगळे खूश होते. त्याच्या लंगोटाला एक कुबट वास यायचा, उंदरांच्या बिळासारखा. पण पावसाळ्यात कुडाळकडच्या घरात कशाला कुबट वास येत नाही? गोणपाट, चादरी, भिंती, सगळंच ओलं. वर्षाचा झाला तरी बसेना तेव्हा एका दवाखान्यात सांगितलं, "मुलगा आहे, मुलगे उशिराच करतात सगळं." मग झटके सुरू झाले. रंग, वास, उशीर, झटके ही सगळी एकाच आजाराची लक्षणं होती. ती दिसायला लागेपर्यंत मेंदूचं बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून या आजारात लक्षणांची वाट बघायची नसते.

आजार थोडक्यात असा. डाळ, भात, मासे, दूध, जिथे जिथे प्रथिनं आहेत तिथे फेनिलॲलानिन नावाचा एक घटक असतो. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं टायरोसिन या दुसऱ्या घटकात रूपांतर करतं. पीकेयू, म्हणजे फेनिलकीटोन्युरिया असलेल्या बाळात हे विकर नसतं किंवा फार कमी असतं. मग फेनिलॲलानिन रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. आम्ही घरात त्याला नुसतं 'फी' म्हणतो. शाळेच्या फीसारखीच ती वेळेवर मोजावी लागते.

बाळ जन्मायच्या आधी: सातव्या महिन्यातला प्रश्न

डोहाळजेवणाच्या गडबडीत एक काम उरकून घ्या. जिथे बाळंतपण होणार तिथे विचारा, "नवजात बाळाची टाचेच्या रक्ताची तपासणी इथे होते का, आणि त्यात पीकेयू आहे का?" दुसरा अर्धा प्रश्न जास्त महत्त्वाचा. स्वस्तातल्या तपासणीत बहुतेक वेळा थायरॉइडसारखे दोनतीनच आजार असतात. पीकेयू धरायला साधारणपणे 'टॅन्डम मास' नावाची तपासणी लागते, ती एकाच कागदावरच्या रक्तातून कितीतरी आजार बघते.

आपल्याकडे देशभर प्रत्येक बाळाची अशी तपासणी सक्तीनं होत नाही. शेजारी गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू झाली होती. आपल्या बाजूला मात्र 'आपोआप होईल' यावर विसंबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक गावात येऊन मुलं तपासतं आणि चांगलं काम करतं. पण पथकानं बाळ बघितलं म्हणजे पीकेयूची रक्ततपासणी झाली, असं नाही. ती वेगळी मागावी लागते. रुग्णालयात सोय नसेल तर खासगी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो. आशाताईला आधी सांगून ठेवलंत तर ती आठवणही करते आणि पाठपुरावाही.

नमुना घ्यायची वेळ जन्मानंतर २४ ते ७२ तासांची. बाळ थोडं तरी दूध प्यायलेलं हवं, नाहीतर फी वाढलेलीच नसते आणि तपासणी खोटी नॉर्मल येते. चोवीस तासांच्या आत घरी सोडलं आणि घाईत नमुना घेतला असेल, तर पुन्हा घ्या. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याच्या आधी.

टाचेला टोचताना बाळ रडतं, आजी कळवळते. आमच्या सासूबाईंनी नर्सबाईंचा हात धरला होता. टाचेच्या मधोमध टोचत नाहीत, कडेला टोचतात, आणि जाड कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब भरतात. एवढंच.

आता खास आपल्याकडची एक गोम. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. कागदावर मात्र पत्ता आणि फोन लिहितात सासरचा, नवऱ्याचा. नवरा मुंबईत नोकरीला, त्याचा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये. अहवाल बिघडलेला आला तर प्रयोगशाळेनं फोन करायचा कुणाला? कागदावर बाळ आत्ता जिथे आहे तिथला पत्ता आणि दोन फोन नंबर लिहा, त्यातला एक आजीचा किंवा मामाचा. बाळाला अजून नाव नसतं, तेव्हा आईचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं हवं. एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं आडनाव पडलं की चार दिवस शोधण्यातच जातात. उपचार दहाव्या दिवसापर्यंत सुरू व्हावेत असं तज्ज्ञ सांगतात. आपल्या भाषेत, बारशाच्या आत. आठव्या दिवसापर्यंत फोन आला नाही तर तुम्ही करा.

फोन आला तर

घाबरायला होईलच. पण पहिल्या तपासणीत फी वाढलेली दिसली म्हणजे पीकेयू ठरला असं नाही. नमुना पुन्हा घेऊन रक्तातली फी आणि टायरोसिन नीट मोजतात. निरोगी माणसाची फी रक्ताच्या लिटरला साधारण १२० मायक्रोमोलच्या खाली असते, जोरकस पीकेयूत ती १२०० च्या वर जाते. काही अहवाल डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये येतात. तिथला १ म्हणजे इथले साधारण ६०, एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर २० आकडा बघून 'अगदीच कमी आहे की' असं वाटायचं.

आणखी एक तपासणी न विसरता मागा: त्या विकराला काम करायला लागणाऱ्या बीएच४ या सहघटकाची. त्याच्या कमतरतेतही फी वाढते, पण तो आजार वेगळा. नुसत्या पथ्यानं तो आवरत नाही, त्याला वेगळी औषधं लागतात.

महाराष्ट्रात अशा दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारनं नेमलेलं उत्कृष्टता केंद्र म्हणजे परळचं केईएम रुग्णालय. सावंतवाडी-कुडाळकडून रात्रीची तुतारी पकडली की सकाळी दादर, तिथून परळ जवळच. जाताना सगळे अहवाल, आईबाप दोघं आणि मोठी भावंडं असतील तर तीही न्या. भावंडांची फी तपासायलाच हवी. वरून ठीक दिसणाऱ्या भावंडातही सौम्य प्रकार असू शकतो.

वाटेत कुणीतरी विचारणारच, हे कुणाच्या घराण्यातून आलं. दोन्हीकडून. आई आणि बाबा दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते, दोघांनाही त्रास काहीच नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. 'पहिल्याला झाला, आता पुढचे तीन सुटले' हा हिशेब चुकीचा आहे, प्रत्येक वेळी फासा नव्यानं पडतो. सुनेच्या पायगुणाचा तर यात काडीचा संबंध नाही. जनुकातला बिघाड आधी शोधून ठेवला तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते, म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्यापूर्वी जनुकीय समुपदेशकाला भेटा.

काटा आधी, पाळणा मग

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. इथून पुढे घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच.

उपचाराचे दोन भाग. एक, फी नसलेलं खास दूध. ही भुकटी असते, तिच्यात बाकी प्रथिनघटक, टायरोसिन, जीवनसत्त्वं, खनिजं असतात. ती दिवसातून तीनचार वेळा विभागून देतात, एकदम नाही. दोन, मोजलेलं साधं अन्न. तान्ह्या बाळाला आईचं दूध बंद करायला लावू नका. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील त्या प्रमाणात खास दुधाबरोबर अंगावरचं दूध चालतं. गाईच्या दुधापेक्षा आईच्या दुधात फी बरीच कमी असते.

नवखे आईबाप एक चूक हमखास करतात, मीही केली. फी वाईट ना, मग शून्यच देऊ. तसं नाही. फी शरीराला लागतेच, तीच मिळाली नाही तर वाढ खुंटते, अंगावर चट्टे येतात, शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि रक्तातली फी उलट वाढते. प्रत्येक बाळाला दिवसाला किती फी सोसते ते रक्त तपासत तपासत ठरतं. माझ्या धाकटीला सध्या ३५० मिलिग्रॅम चालते. तुमच्या बाळाचा आकडा वेगळा असेल, माझा उचलू नका.

ढोबळ हिशेब असा: १ ग्रॅम प्रथिन म्हणजे सुमारे ५० मिलिग्रॅम फी. भाज्याफळांत थोडी कमी. आता आपल्या ताटाकडे बघा. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास ८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. धाकटीचा अख्खा दिवस तेवढ्यात संपला! कुळीथ शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पिठी बंद. बांगडा, तारली, सुकट, अंडं, दूध, काजू, शेंगदाणे, कडधान्यं बंद. ऐकताना वाटतं, कोकणात मग उरलं काय?

बरंच उरलं. माझ्या मते हे पथ्य निभवायला आपल्यासारखा मुलूख नाही. तवकील बघा. परसात लावलेल्या आरारूटाचं पीठ आपण पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याला देत आलो, त्यात प्रथिन जवळजवळ नसतंच. साबुदाण्यातही नाममात्र. तवकिलाच्या वड्या, साबुदाण्याची लापशी, तवकील आणि थोडी तांदळाची पिठी मिसळून काढलेलं घावन. नीरफणसाचे काप करताना रव्याऐवजी तवकील लावा, कुरकुरीत होतात. सुरण, रताळं, दुधी, पडवळ, कच्ची केळी मोजून. आंबा, करवंदं, जांभळं, काजूचं बोंड चालतं, त्याला लटकलेली बी नाही. पिकल्या फणसाचे गरे थोडे मोजून, आठळ्या नाहीत. सोलकढीत नारळ आहे म्हणून ती मोजावी लागते, तिवळ किंवा फुटी कढी हवी तेवढी. गूळ, साखर, खोबरेल हे तर वजनवाढीचे मित्र. पोटाला ऊर्जा पुरली नाही तर फी आवरत नाही.

'उपासाचं सगळं चालतं' असा समज कुणी करून दिला असेल तर तो अर्धाच खरा. साबुदाणा चालतो, पण खिचडीतलं दाण्याचं कूट नाही. वरी, राजगिरा, दही नाही.

मोजताना एकच पद्धत धरा. मी तांदूळ कच्चाच मोजते आणि धाकटीचा भात वेगळ्या छोट्या टोपात लावते. कारण उकडा तांदूळ वेगळं पाणी पितो, सुरय वेगळं. शिजलेल्या भाताच्या वजनावर विसंबलं की आज एक, उद्या दुसरंच. पेजेचे तांदूळही त्यातच धरा. नेमके आकडे हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटकांच्या सारणीत पदार्थवार मिळतात. आहारतज्ज्ञाकडून आपल्या घरच्या तीसेक पदार्थांची यादी करून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

बाजारातल्या पाकिटांवर 'फेनिलॲलानिन आहे, फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ शोधा. ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा असलेल्या वस्तूंवर ती असते. 'शुगर-फ्री' लिहिलेलं सरबत, च्युइंगम, काही औषधांची सिरपंही. औषध घेताना दुकानदाराला विचाराच.

ताप आला, जुलाब झाले की फी चढते, कारण उपाशी शरीर स्वतःलाच खातं. अशा दिवशी आमच्याकडे तवकिलाची कांजी, साखर घातलेलं कोकम सरबत दर थोड्या वेळानं, खास दूध जमेल तेवढं चालू आणि डॉक्टरांना फोन. 'पोटाला विश्रांती' म्हणून लंघन घालायचं नाही.

पावसातला रक्ताचा कागद

बाळ वर्षाचं होईपर्यंत शक्यतो दर आठवड्याला, मग बारा वर्षांपर्यंत पंधरवड्याला फी तपासावी असा दंडक आहे. बारा वर्षांपर्यंत ती १२० ते ३६० च्या मध्ये राखायची. दर वेळी मुंबईला कोण जाणार? म्हणून घरीच बोटातून किंवा टाचेतून थेंब काढून कागदावर घ्यायला शिका. पहिल्यांदा हात थरथरतो. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनी मला स्वतःच्या बोटावर शिकवलं.

सकाळी, खाण्याआधी, दर वेळी साधारण एकाच वेळेला. मोठा थेंब, एकाच बाजूनं, गोल पूर्ण भरेपर्यंत. थेंबावर थेंब नको. मग वाळवणं, आणि इथे जुलै महिना आडवा येतो. कागद ओलसर राहिला तर नमुना वाया. मी दोन पेले थोड्या अंतरावर ठेवते आणि कागद त्यांच्या काठांवर आडवा टाकते, म्हणजे डागांना खालून काही लागत नाही. ओटीवर नाही, चुलीजवळ नाही, उन्हात नाही. तीनचार तास एरवी पुरतात, पावसाळ्यात मी रात्रभर ठेवते. डाग गडद तपकिरी दिसले की कागदी पाकिटात, मग घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. त्याच दिवशी कुरिअर.

आणि खास दुधाचा एक महिन्याचा जादा साठा मे महिन्यातच भरून ठेवा. घाटात दरड कोसळली की तुमचं पार्सल कोल्हापुरात बसून राहतं.

वाडीला सांगा

पहिलं वर्षभर आम्ही कुणाला सांगितलं नाही. लोक काय म्हणतील! परिणाम काय झाला, तर शेजारच्या काकीनं प्रेमानं पोराच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला, आणि मी हिसकावून घेतला. काकी आठ दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं, "एक लाडू खाल्ल्यान तर काय होतला गो?"

काट्यावरचं अन्न आपल्या हातात असतं, पण आपल्या गावात पोरगं एका घरात जेवत नाही. आजी, काकी, कोळंबी सोलता सोलता एक तोंडात टाकणारी आत्या, देवळातला प्रसाद, अंगणवाडीतली उसळ. सगळे हात मायेचे आहेत म्हणूनच अडवणं कठीण. त्या हातांना दुसरं काहीतरी द्यायला द्या. मी काकीच्या घरी तवकिलाच्या वड्यांचा डबा ठेवला आहे, वर वजन लिहून. पोर तिच्याकडे गेली की ती डबा उघडते, एक वडी देते आणि मला सांगते. तिची मायाही पुरी होते, माझा हिशेबही.

गावकीच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. विकराचं शास्त्र सांगायला जाऊ नका. 'या पोराला डाळ, मासे, दूध, दाणे म्हणजे विष, हळूहळू चढणारं' एवढं पुरतं. वाक्य शास्त्रशुद्ध नाही, मान्य. पण त्यानं काम होतं. अंगणवाडीताईला आणि शाळेत मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र लेखी द्या, पोषण आहाराच्या नोंदीत लावून घ्या, पर्यायी डबा तुमचा. दरवर्षी नवीन वर्गशिक्षिकेला पुन्हा सांगा.

गणपतीत चाकरमानी येतात आणि त्यांना वर्षभराचं काही माहीत नसतं. पिशव्यांतून चॉकलेटं, पेढे निघतात. आमच्याकडे आता चतुर्थीच्या आधीच भाऊजी सगळ्यांना फोन करून बजावतात: खेळणी आणा, खाऊ नको. मोदक मात्र धाकटीला मिळतात. पारीत निम्मी पिठी, निम्मं तवकील, सारण कमी. साधा मध्यम मोदक शंभर मिलिग्रॅम फीच्या पुढे जातो, हा साठसत्तरात बसतो. तिला दोन हवे असतात. त्या दिवशी ती स्वतःच म्हणते, "मग भात नको."

दुसरी कुटुंबं शोधा. जिल्ह्यात तुम्ही एकटेच असण्याची शक्यता मोठी, पण केईएमच्या बाकावर कुणीतरी भेटतंच. नंबर घ्या. दुर्मीळ आजारांच्या कुटुंबांसाठी ऑर्डी ही बंगळुरूची संस्था काम करते. २८ जून हा पीकेयू दिवस. पथ्याचा उपचार प्रथम करणारे होर्स्ट बिकेल आणि टाचेच्या थेंबाची तपासणी शोधणारे रॉबर्ट गथ्री, दोघांचाही वाढदिवस त्याच तारखेचा. तेव्हा पाऊस नुकता लागलेला असतो, लावणीची धांदल. आम्ही दोनतीन कुटुंबं फोनवरच भेटतो आणि काय नवीन शिजवलं ते सांगतो.

कागदपत्रं, पटकन

खास दूध महाग आहे आणि बरंचसं परदेशातून येतं. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये पीकेयूचं नाव खास आहाराच्या गटात आहे. उत्कृष्टता केंद्रात नोंद झाली तर ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पैसे हातात येत नाहीत, केंद्रामार्फत उपचार मिळतात, वेळ लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत नोंदणीचं विचारा. १ एप्रिल २०२३ पासून या यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेल्या औषधांना आणि खास आहाराला मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठीचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात, म्हणजे काम ओरोस किंवा रत्नागिरीला होतं. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, प्लास्टिकच्या फायलीत.

निदान उशिरा झालं असेल, आमच्या थोरल्यासारखं, तरी पथ्य सुरू कराच. गेलेलं परत येत नाही, पण त्याचे झटके कमी झाले, रात्री झोपायला लागला, डोकं भिंतीवर आपटणं थांबलं. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा आणि हालचालीचे उपचार विचारा, दिव्यांग प्रमाणपत्र काढा, आणि त्यानंतर केंद्र सरकारचा निरामय आरोग्य विमा, एक लाखापर्यंतचा.

मुलगी असेल तर एक गोष्ट तिच्या वयात येण्याआधी तिला स्वतःला माहीत हवी. पथ्य जन्मभराचं आहे. गरोदरपणात आईची फी वाढलेली असेल तर पोटातल्या बाळाला आजार नसला तरी त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होते. म्हणून फी दिवस राहायच्या आधीपासून आटोक्यात हवी. धाकटीला मी हे अजून सांगितलेलं नाही. सध्या तिला फक्त काटा वापरता येतो. परवा शाळेतून आली, काट्यावर रताळं ठेवलं, शेपटाकडचा तुकडा कापून दादाच्या ताटात टाकला आणि वहीत आकडा लिहिला. सातचा सहा झाला होता, तो तिनं खोडून नीट केला.